गल्लीतला भाव

हवालदारांनी मला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा खरं तर मला बघितलंच नाही. माझ्या छत्रीला बघितलं. मी सांगलीकडचं पोरगं, साताऱ्यात कॉलेजला आलेलो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी, काखेत नवी छत्री. खोली मिळेल का विचारायला त्यांच्या दारात उभा होतो. त्यांनी माझ्या काखेतली छत्री काढून घेतली, घरातच उघडली, एकेक काडी वाकवून बघितली, मिटली आणि विचारलं, "केवढ्याला?"

मी म्हणालो, अठरा.

त्यांनी छत्री दोन्ही हातांनी परत दिली. दवाखान्यात वाईट बातमी सांगताना डॉक्टर जसं हळू बोलतो, तसं म्हणाले, "टोपी घातली तुला." आणि मग खोलीचं बोलायला बसले.

खोलीचं भाडं त्यांनी पंचवीस सांगितलं. मला मित्रानं तीसची तयारी ठेव म्हणून सांगितलेलं, त्यामुळं मी लगेच हो म्हणालो. हवालदारांचं तोंड उतरलं. जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट उचलावं तसं.

"आरं, असं कसं हो म्हणतोस? मी पंचवीस म्हटलं तर तू वीस म्हणायचं. मग मी म्हणणार परवडत न्हाई. मग तू ट्रंक उचलायची."

मी वीस म्हणालो. त्यांना परवडलं नाही. मी ट्रंक उचलली.

"हां. आता पायरीपातुर जा. मागं बघायचं न्हाई."

मी पायरीपर्यंत गेलो. तिथनं त्यांनी मला हाक मारून माघारी बोलावलं आणि खोली बावीसला दिली. स्वतःच्या खिशाला खार लावून एवढा खूश झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. आतून त्यांची बायको, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, ह्यांच्याकडं ध्यान देऊ नगंस. बावीस बी लय हायत, खोली गळती."

हवालदार मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले. बारीक, ताठ, मिशा दोन्हीकडं सारख्या. मिलिटरी म्हटलं की लोकांना वाटायचं, बर्फात बंदूक घेऊन उभे असतील. ते होते कँटीनला. उभी नोकरी साबण, तेल आणि बिस्किटं विकण्यात गेली, आणि तिथं सगळं एका भावात. जनरल आला तरी तोच भाव, जवान आला तरी तोच. बाकीचे पेन्शनर कानाजवळून गोळी कशी गेली ते सांगायचे. हवालदार तसल्याच आवाजात सांगायचे, "इतक्या वरसांत एक माणूस म्हणला न्हाई, जरा कमी करा की. एक माणूस."

काकूंचं म्हणणं, ते सगळं ह्यांच्या आत साठलंय, आता बाहेर पडतंय.

बाहेर पडायचं ते असं, की हवालदार बाजारात शिरले की दुकानदारांना अचानक आत काहीतरी काम निघायचं. पण हवालदार बसून राहायचे. त्यांना घाई नसायची. पुष्कळदा त्यांना काही घ्यायचंही नसायचं. दुसऱ्याच्या खरेदीला ते हौसेनं जायचे, बोलावलं नाही तरी.

त्यांचं एक शास्त्रच होतं. जे घ्यायचंय त्याच्याकडं बघायचं नाही. धोतर पाहिजे असेल तर टॉवेलकडं बघत बसायचं. आणि हात तर लावायचाच नाही. गिऱ्हाईक कापडाला एकदा हात लावतं ते कापड बघायला, दुसऱ्यांदा लावतं तेव्हा ते मनानं घरी घेऊन गेलेलं असतं, मग दुकानदार कशाला उतरेल, असं ते सांगायचे. बाजारात उभं राहून मला नुसते हात दाखवायचे. ती बघ, हिरव्या लुगड्याची. दोनदा हात फिरवला. आता ती घेणार, अन् जास्तीच देऊन घेणार. आणि ती बाई घ्यायचीच. मग हवालदार असे हळहळायचे, जसं ते त्यांच्याच घरातलं माणूस होतं.

चपलांचा वेगळा नियम. कापडाच्या दुकानात जाताना जुन्यात जुन्या वहाणा, अंगठा तुटलेल्या. चपलेच्या दुकानात जाताना मात्र नव्या कोऱ्या. चपलवाल्याला वाटलं पाहिजे, ह्याचं काही अडलेलं नाही.

काकूंना बरोबर न्यायचं तर मोठी पंचाईत. काकूंना वस्तू आवडली की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "अगं बाई, किती छान." तिथंच हवालदारांचा डाव संपायचा. म्हणून दुकानाच्या पायरीवर ते काकूंच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा घालायचे. तो विरघळायच्या आत सौदा उरकायचा. काकूंना ओळखणारे दुकानदार मुद्दाम खडा विरघळायची वाट बघायचे.

माझं काम एवढंच. मधेमधे घड्याळाकडं बघून म्हणायचं, "काका, चला की, एसटी चुकंल." कुठली एसटी आणि कुठं जायचंय, हे कुणी कधी विचारलं नाही. मग हवालदार उठायचे आणि पायऱ्या उतरायला लागायचे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरणारा माणूस, पण दुकानाच्या पायरीवर त्यांचा गुडघा धरायचा. एक पाय खाली, मग थांबा, मग कठड्याला हात, मग दुसरा पाय. एवढ्या वेळात दगडालाही पाझर फुटून हाक मारावीशी वाटली असती. दुकानदार तर माणूसच.

सगळ्यात रंगायचं ते चाचांच्या दुकानात. चाचा म्हणजे पेठेतले कापडाचे मोठे व्यापारी, पांढरी टोपी, गादीवर मांडी, शेजारी पानाचा डबा. हवालदार दिसले की चाचा आधी चहा सांगायचे आणि मग रडायला लागायचे. "हवालदारसाब, आज दुकान तुमच्या नावावर करतो आणि मी चाललो हजला." हे वाक्य मी घरी करून दाखवायचो. हवालदारांना ते एवढं आवडलं की मोठ्या खरेदीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडून तालीम करून घ्यायला लागले. मी त्यांच्या कॉटवर मांडी घालून चाचा व्हायचो, उशी म्हणजे कापडाचा गठ्ठा, आणि ते पुढ्यात बसून उशीला घासाघीस करायचे. एकदा हे चाचांच्या कानावर गेलं. त्यांनी मला भर दुकानात गादीवर बसवून करायला लावलं, डोळे बारीक करून सगळं बघितलं आणि म्हणाले, बाकी ठीक आहे, पण रडताना मी हात छातीवर नाही ठेवत, कपाळावर ठेवतो. छातीवर फक्त पैठणीला.

तर त्यांचं वैर हे असं होतं. चाचा मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले होते की, बाकीचं गिऱ्हाईक भाव करून जातं आणि मला वाटतं दिवस गेला, हवालदारसाब भाव करून गेले की वाटतं दिवस झाला.

आणीबाणीत सरकारनं सगळ्या दुकानदारांना भावाचे फलक लावायला लावले. गल्लीला वाटलं, आता हवालदार आजारी पडणार. हवालदार चाचांच्या दुकानात गेले, फलकापुढं उभं राहून तो वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, मिलिटरीतला हुकूम वाचावा तसा, आणि मग गादीवर बसून म्हणाले, "हा झाला सरकारचा भाव. आता आपला सांगा."

एकदा ते माझ्याबरोबर आमच्या घरी आले होते, सांगलीला. आईनं कृष्णाकाठची वांगी भरून केलेली. हवालदारांनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि विचारलं, वांगी कशी किलो. आईला काय माहीत हा माणूस काय आहे. तिनं खरा भाव सांगितला. हवालदारांनी घास खाली ठेवला आणि वहिनी, टोपी घातली तुमाला, म्हणाले.

आई भाकरी थापतच म्हणाली, "आवं, पैसं माझं, वांगी माझी, टोपी बी माझ्याच डोक्यात. तुमचं काय दुकतंय?"

मला वाटलं संपलं. पण हवालदार खदखदून हसले, आणखी दोन भाकरी खाल्ल्या, आणि साताऱ्याला परत आल्यावर महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होते, की सांगलीत एक बाई आहे, तिच्याकडं भाव काढायची सोय नाही.

आमच्या गल्लीत मात्र आईसारखं कुणी नव्हतं. आणि त्यातनंच पुढचं सगळं झालं.

हवालदारांची बसायची जागा म्हणजे गल्लीच्या तोंडाचा कट्टा. बाजारातून येणाऱ्याला त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय घर गाठता यायचं नाही. पिशवी थांबायची, वस्तू बाहेर यायची, "केवढ्याला?" आणि मग ते तीन शब्द. एवढं बोलून हवालदार मोकळे व्हायचे, पण घेणाऱ्याला नवा शर्ट अंगाला टोचायला लागायचा. आमच्या शेजारी आक्का राहायच्या, विधवा बाई, जिभेनं तिखट, गल्लीचा कारभार त्यांच्याच हातात. त्यांनी हौसेनं स्टीलचा डबा घेतला. हवालदारांनी टोपी घातली म्हटल्यावर तो डबा महिनाभर फळीवर पालथा पडून होता. आक्कांना त्याच्याकडं बघवंना.

पुढचा डबा आणला तेव्हा आक्कांनी कट्ट्यासमोर यायच्या आधीच भावातला मोठा तुकडा मनातल्या मनात कापून टाकला. हवालदारांनी डबा टिचकी मारून वाजवला, आक्कांकडं बघितलं आणि म्हणाले, "बरा घेतला."

आक्का घरी गेल्या त्या नाचतच. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना उपाय कळला. मग काय, गल्लीत चढाओढच लागली. ज्यानं जास्त कापून सांगितलं तो हुशार. मी टेरीकॉटच्या पँटचा भाव एवढा खाली नेला, की एकदा माझा मलाच संशय आला. काकू तर सगळ्यांच्या वरताण. त्या साडी आणायच्या, अर्ध्यावर भाव सांगायच्या आणि हवालदारांनी मान डोलावली की आत येऊन मला डोळा मारायच्या. हळूहळू असं झालं, की साताऱ्यात एक भाव आणि आमच्या गल्लीत दुसरा.

गंमत म्हणजे हवालदार तो गल्लीतला भाव डोक्यात घेऊन दुकानात जायचे आणि पुष्कळदा त्या भावाला वस्तू घेऊनच यायचे. आक्काला मिळतंय तर मला का नाही, ह्या त्यांच्या खात्रीपुढं दुकानदार दमून जायचा. आमच्या थापा तो माणूस खऱ्या करून आणायचा. मग आक्का खरोखरच हळहळायच्या, म्हणजे आपल्याला टोपी घातलीच होती की.

असं बरेच दिवस सुखात चाललं, आणि मग सुमनचं लग्न ठरलं.

सुमन हवालदारांची एकुलती एक. शांत, बापाच्या अगदी उलट. दुकानदार म्हणेल तेवढे देऊन वर थँक्यू म्हणणारी. मुलगा वडूजचा, शाळेत मास्तर, घरची जिराईत शेती. बाप नव्हता, घर चालवायची ती मुलाची आई. ही विहीणबाई एकदाच मुलगी बघायला आलेली, तेव्हा कांद्यापोह्यांच्या ताटलीपेक्षा जास्त वेळ तिनं ताटलीच्या नक्षीकडं बघितलं होतं, असं काकू घाबरून सांगायच्या. बाई मानाला लय जपणारी आहे, असं सगळ्यांचं मत.

बस्त्याचा दिवस ठरला. चाचांचंच दुकान. बस्त्याला दोन्हीकडची माणसं एका गादीवर समोरासमोर बसतात, त्यामुळं एरवीचं काही तिथं चालत नाही. मुलीकडच्यांनी विहिणीला मानाचं लुगडं घ्यायचं, मुलाकडच्यांनी नवरीला शालू. आणि विहिणीच्या लुगड्याला विहिणीदेखत घासाघीस केली, तर त्या लुगड्यापेक्षा ते बोलणंच तिला जन्मभर पुरतं. सुपारी फुटलेली लग्नं बस्त्यात मोडलेली आमच्या गल्लीनं बघितलेली होती. काकूंनी हवालदारांना देवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली, की त्या दिवशी तोंड उघडायचं नाही.

हवालदार शपथ घेऊन निवांत होते. पण दोन दिवस आधी दुपारी काकू माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. चेहरा पांढरा.

"ह्यांनी बस्त्याला किती काढून ठेवल्यात ठावं हाय का?" त्या म्हणाल्या. "समदं गल्लीतल्या भावानं धरलंय. विहिणीचं इरकल साठला धरलंय रं."

आक्कांनी मागच्या वर्षी त्यांच्या विहिणीला इरकल घेतलेलं, आणि कट्ट्यावर साठ सांगितलेलं. ते होतं सव्वाशेचं. आणि नुसतं इरकलच नाही. साड्या, धोतरं, टॉवेल, नवऱ्याचं कापड, सगळं त्यांनी गल्लीत विचारून, बेरीज करून, तेवढेच पैसे बाजूला काढलेले. बाकीचे मांडवाला आणि भांड्यांना गेलेले. हातात दुसरं काही नाही.

काकूंची पंचाईत खरी होती. सांगावं, तर सगळी गल्ली आपल्याशी इतकी वर्षं खोटं बोलली हे ऐन लग्नात त्या माणसाला कळणार. न सांगावं, तर विहिणीपुढं पैसे कमी पडणार, आणि मग कुठलं लुगडं आणि कुठलं लग्न.

नळावर बैठक बसली. आक्कांनी निकाल दिला, ज्यानं जेवढी थाप मारलीय तेवढे पैसे त्यानं टाकायचे. मग मात्र सगळ्यांच्या थापा अचानक लहान झाल्या. मी तर फार नाही, रुपया-दोन रुपयेच कमी सांगायचो, असं प्रत्येक जण सांगायला लागला. आक्कांनी कुणाचं काही ऐकलं नाही. कोण काय बोललं होतं ते त्यांना पाठ होतं. माझी पँट तर त्यांनी दोनदा धरली. सगळं जमवून आक्का आणि मी चाचांकडं गेलो.

चाचा ऐकता ऐकता एवढे हसले की टोपी काढून डोळे पुसले. मग पैसे गल्ल्यात टाकले आणि म्हणाले, प्रत्येक कपड्याचा गल्लीतला भाव मला सांगून ठेवा, तोच मी बोलणार. वर एक पैसा घेणार नाही. जबान दिली.

बस्त्याच्या दिवशी विहीणबाई वडूजच्या एसटीनं आल्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बरोबर त्यांची जाऊ. आमच्याकडनं हवालदार, काकू, आक्का आणि मी. दुकानाच्या पायरीवर काकूंनी खडीसाखरेचा खडा काढला आणि तो हवालदारांच्या तोंडात घातला.

चाचांनी चहा सांगितला. गठ्ठे सुटले. चाचा भाव बोलायला लागले, आणि बोलतायत ते अगदी गल्लीतला. टॉवेल, धोतरं, मानाच्या साड्या. मी हवालदारांकडं बघत होतो. पहिल्या साडीला त्यांचा चेहरा फुलला. दुसरीला जरा कमी. चौथ्या-पाचव्याला ते चाचांकडं टक लावून बघायला लागले. चाचा रडत नव्हते. हजला जायचं नाव काढत नव्हते. कपाळाला हात नाही. नुसतं भाव सांगायचा आणि बाजूला ठेवायचं. कुस्तीला उतरलेल्या माणसापुढं दुसरा पैलवान आपण होऊन उताणा झोपला तर त्याचं जसं होईल, तसं हवालदारांचं झालेलं.

शेवटी इरकल आलं. गर्द निळं, लाल रेशमी पदर. विहीणबाईंनी त्याच्यावर हात ठेवला. मग पदर उलगडला, काठ बघितला आणि परत एकदा हात फिरवला. हवालदारांनी ते बघितलं. मीही बघितलं. आवडलं होतं बाईंना.

चाचा म्हणाले, साठ रुपये.

विहीणबाईंनी हात काढून घेतला. विस्तवावरनं काढावा तसा. त्या जावेकडं वळून हळूच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू आलं. "साठात इरकल? आपन वडूजला घेतलं ते सव्वाशेचं. ह्यात कायतरी खोट असंल. ऱ्हाऊ द्या."

जाऊ म्हणाली, "आमाला काय देवाला सोडल्यात व्हय, कायबी नेसवाया?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का आणि मी साड्यांच्या घड्या नीट करायला लागलो, त्या नीटच होत्या. हवालदारांनी आमच्याकडं बघितलं. आक्कांकडं, माझ्याकडं, काकूंकडं, मग चाचांच्या गल्ल्याकडं. आयुष्यभर ज्यानं गिऱ्हाइकांचे हात बघितले त्याला आमचे हात बघून काय कळायचं राहिलं असेल. त्यांनी खडीसाखर कडकन चावली आणि गिळली.

"चाचा," ते म्हणाले, "भाव चुकला तुमचा."

चाचांना वाटलं हा नवा डाव आहे. "नाही साब. साठच. तुमच्यासाठी."

"नेसणार इहीनबाई हायत. माझ्यासाठी कशाला? नव्वद लावा."

काकूंनी त्यांचा सदरा ओढला. चाचा घाबरले. आम्हाला दिलेली जबान एकीकडं आणि हवालदार दुसरीकडं. त्यांनी कपाळाला हात लावला, त्या दिवशी पहिल्यांदा. "साब, कशाला गरिबाची मस्करी? बासष्ट."

"शंभर."

"पासष्ट. देवाशपथ, ह्याच्या वर मला परवडत नाही."

"तर मग ऱ्हायलं," हवालदार म्हणाले आणि उठले. "पेठंत दुसरी बी दुकानं हायत. जास्ती घेणारा कोनतरी मिळंल."

आणि ते पायऱ्या उतरायला लागले. एक पाय खाली, मग थांबा, मग गुडघ्याला हात. तोंड रस्त्याकडं, मागं बघायचं नाही. मी सवयीनं म्हणालो, काका, एसटी चुकंल. आक्कांनी मला चिमटा काढला.

चाचांनी आमच्याकडं बघितलं. बिचाऱ्याची कीव आली. उभ्या आयुष्यात गिऱ्हाईक महाग मिळत नाही म्हणून दुकान सोडून चाललेलं त्यांनी बघितलं नव्हतं. आक्कांनी होकाराची मान हलवली. तेव्हा चाचांनी दोन्ही हात वर करून हाक मारली, "या साब, माघारी या. सव्वाशे. लुटलं तुम्ही मला."

हवालदार परत येऊन बसले आणि विहीणबाईंना म्हणाले, "मापी करा. म्हातारं झाल्यात चाचा, भाव इसरत्यात."

विहीणबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. चाचांकडं बघितलं. मग इरकल ओढून मांडीवर घेतलं.

हवालदारांनी खिशातला रुमाल सोडला आणि होते तेवढे सगळे पैसे चाचांपुढं ठेवले. चाचांनी ते न बघताच गल्ल्यात टाकले आणि पोचले म्हणाले. ह्या गोष्टीवर हवालदार पुढं कधी एक अक्षर बोलले नाहीत. लग्नानंतर मात्र ते एकेकाच्या दारात येऊन त्यानं टाकलेले पैसे फेडायला लागले. माझ्याकडंही आले. मी आकडा सांगितला, तर म्हणाले, एवढे कुठं, दहा कमी घे आणि विषय मिटव. मी म्हणालो परवडत नाही. ते पायरीपर्यंत गेले. मी हाक मारली. पाच कमीवर तुटलं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुकानात अजून नवरीचा शालू राहिलेला, आणि तो मुलाकडच्यांनी घ्यायचा. चाचांनी चार-पाच शालू पसरले. त्यातला एक मोतिया रंगाचा असा होता, की काकूंच्या तोंडून अगं बाई निघालंच. विहीणबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या कोपऱ्यातल्या पंच्यांच्या गठ्ठ्याकडं बघत बसल्या. हात मांडीवरच्या इरकलावर, हलायचं नाव नाही. बऱ्याच वेळानं, पंच्यांवरची नजर न काढता, त्यांनी तो मोतिया कसा म्हणून विचारलं. चाचांना बिचाऱ्यांना वाटलं, दिवसभरात आता कुठं एक सरळ गिऱ्हाईक भेटलं, आणि त्यांनी भाव सांगितला.

बाईंनी त्याच्या निम्म्याच्याही खालचा आकडा काढला. चाचा दचकले. आकडा परत तोच. चाचा पाच रुपये उतरले, दहा उतरले, हजला निघाले, हात कपाळावरनं छातीवर गेला. विहीणबाई पंच्यांकडं बघतच होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली आणि जावेला म्हणाल्या, ऊठ गं, कोरेगावला बघू.

काकूंना ते सोसवेना. मुलीचा शालू, मुलीच्या आईबापांदेखत, आणि ही बाई मेथीच्या पेंडीसारखी घासाघीस करतीय. हवालदारांच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "आवं, आपल्या सुमनच्या शालूला पाडून मागत्यात. तुमी नुसतं बघत बसलाय?"

हवालदार खरंच नुसते बघत बसले होते. तोंड जरा उघडं, डोळे ओले, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसासारखे. विहीणबाई दुसऱ्या पायरीवर पोचल्या होत्या आणि गादीवर चाचा अर्धे उठले होते.

"गप," हवालदार काकूंचा हात दाबून म्हणाले. "एकदा सुदिक हात लावला न्हाई तिनं. पोरगी लय चांगल्या घरात पडली."